डोकं सदतीस आठवड्यांचं

सोनोग्राफीचा रिपोर्ट आधी माझ्या हातात आला, तिथेच चुकलं. डोक्याच्या मापापुढे सदतीस आठवडे, मांडीच्या हाडापुढे बत्तीस. मी मनात सरासरी काढली आणि लेकीला म्हणालो, "चांगलं भरलंय गं बाळ. हुशार निघणार."

"आजोबांवर गेलंय," जावई म्हणाले. तीही हसली.

दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. बाळाच्या मेंदूत गाठ होती. पाणी अडून डोकं फुगत चाललं होतं; बाळ बत्तीस आठवड्यांचंच होतं.

"डोकं बघता सिझेरियनच करावं लागेल. प्रश्न आहे कधी," बाई म्हणाल्या. "बाळाची फुप्फुसं पक्की व्हावीत म्हणून आईला इंजेक्शनं देऊन परवा करू शकतो, म्हणजे मेंदूचे सर्जन लवकर बघतील. थांबलो तर बाळाचं वजन वाढेल, पण गाठही वाढेल. वाचेलच, असं मी दोन्हीकडे म्हणत नाही."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही एवढं वाचता. काय करावं?"

ग्रंथालयात तीस वर्षं लोकांना हवं ते पुस्तक मी डोळे मिटून काढून दिलं होतं. इथे मी रिपोर्ट पुन्हा उलटून पाहिला. परवा म्हणावं तर कोवळी फुप्फुसं, थांबा म्हणावं तर ती गाठ.

"थांबावं," मी म्हणालो. आणि लगेच, "म्हणजे, नकोच थांबायला."

"बाबा, तुम्ही पुस्तक वाचून पोहायला शिकलात," लेक म्हणाली. "तलावातून बाहेर कुणी काढलं?"

"तुझ्या आईनं."

"मग जरा गप्प बसा." ती बाईंकडे वळली. "गाठ काढता येईल का, हे आत असताना कळेल?"

"नक्की नाही. बाहेर आल्यावर नीट कळेल."

"आणि नाहीच काढता आली, तर बाळ माझ्याजवळ देणार ना?"

"देणार. त्याला दुखू देणार नाही."

लेक पोटावर हात ठेवून बसली. जावयांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"परवा," ती म्हणाली.

ते बरोबर वाटलं. नर्स इंजेक्शन आणायला गेली, तेवढ्यात चूक वाटायला लागलं. ती परत येईपर्यंत मला काहीच वाटेनासं झालं.

सुई दंडात शिरली तशी लेकीनं माझी बोटं घट्ट आवळली. "बरोबर केलंस," असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण तेही मला ठाऊक नव्हतं.

"दुखलं का गं?" एवढंच विचारलं.