सपाट गाभा

प्रोफेसर फेर्लुगा प्रत्येक परिषदेत एकच गोष्ट सांगत: तारे फुटतात, वायू बाहेर फेकला जातो आणि त्या धक्क्यांनी दीर्घिकेभोवतीच्या कृष्णद्रव्याचा टोकदार गाभा सपाट होतो. साधे द्रव्य थोडे, पण दंगा मोठा. कल्पना वाईट नव्हती. ती फेर्लुगांच्या हाती लागली, हे तिचे दुर्दैव.

इटलीत, त्रिएस्तेतल्या आमच्या संस्थेत त्यांच्या नव्या संगणकी सिम्युलेशनमध्ये तो सपाट गाभा दिसला, तेव्हा त्यांनी सकाळीच प्रोसेको वाइनची बाटली फोडली. त्यावरच्या शोधलेखावर त्यांच्या खालोखाल माझे नाव होते. माझे कंत्राट वाढणार की नाही, हे त्या लेखावरच ठरणार होते.

मी तीच दीर्घिका वायू आणि तारे वगळून, निव्वळ कृष्णद्रव्य घेऊन पुन्हा चालवली. गाभा तितकाच सपाट. तिथे फुटायला एकही तारा नव्हता. दोन कण फार जवळ आले की हिशेब बिघडतो, म्हणून एका ठरावीक अंतराच्या आत गुरुत्वाकर्षण आम्हीच मुद्दाम बोथट करतो. फेर्लुगांचा अख्खा गाभा त्या अंतरात मावत होता. म्हणजे तो ताऱ्यांनी नव्हे, आमच्याच बोथटपणाने सपाट झाला होता.

मी दोन्ही आलेख त्यांच्यासमोर ठेवले. "प्रोफेसर, वायू काढला तरी गाभा तसाच राहतो."

"वा, निवेस! म्हणजे परिणाम इतका जबरदस्त आहे, की वायू नसतानाही दिसतो!"

"नसलेला वायू काय कपाळ करणार?"

"अगं, किती शंकेखोर बाई तू! वकील व्हायला हवं होतंस."

"झाले असते, तरी तुमचं वकीलपत्र घेतलं नसतं."

शेजारच्या टेबलावर माझा सहकारी दारिओ कॉफीच्या कपात तोंड लपवून हसला. फेर्लुगा हसले नाहीत. "हा दुसरा आलेख लेखात नको. परीक्षकांनी विचारलं तर बघू."

"ते विचारणार नाहीत. म्हणून मी विचारतेय."

"कंत्राटाचं लक्षात आहे ना तुझ्या?"

"आहे. माझं नाव काढा."

त्यांनी तिथल्या तिथे ते काढले. मग मान वर न करता म्हणाले, "जायच्या आधी आलेखांचे रंग कसे बदलायचे, तेवढं दारिओला दाखवून जा."

मी दाखवले. त्याने निळ्याबद्दल विचारले, केशरीबद्दल विचारले. गाभ्याबद्दल काही विचारले नाही. वसंतात लेख छापून आला. माझ्या जागी दारिओचे नाव, आणि रंग खरोखरच सुरेख.