दगडपेटीतली कोंबडी

मित्रांनो, एकोणीसशे एकोणनव्वद सालची ही गोष्ट. मी एक जुनी हार्वेस्टर आहे. उभं पीक कापायचं, मळायचं आणि दाणे टाकीत भरायचे, हे माझं काम. आज गोदामामागे गंजत उभी आहे, पण तेव्हा माझा रंग असा चकाकायचा की येणारे-जाणारे माझ्या पत्र्यात बघून केस सारखे करत.

मला दोन भावांनी मिळून घेतलं होतं. थोरल्याला सगळे खुडबुड्या म्हणत. घड्याळ, शिवणयंत्र, विहिरीवरचा पंप, घरातलं काही म्हणून त्याने उघडायचं ठेवलं नव्हतं. धाकटा अगदी उलट. वस्तू जशी आली तशी वापरावी, पुसावी आणि झाकून ठेवावी, हा त्याचा बाणा.

मी आले त्याच संध्याकाळी खुडबुड्या माझ्याभोवती घिरट्या घालू लागला. त्याचे हात नुसते शिवशिवत होते.

"दादा, पाना खाली ठेव," धाकटा म्हणाला. "कारखान्यात शिकलेली माणसं बसलीत. त्यांना कळत नाही आणि तुला कळतं होय?"

"त्यांना यंत्र कळतं रे. पण आपलं उताराचं रान त्यांनी कुठे पाहिलंय?"

आणि खरंच, पहिल्याच हंगामात उतारावर माझी फजिती झाली. दाणे चाळणीच्या एका बाजूला गोळा व्हायचे आणि मागून भुशाबरोबर सांडायचे. खुडबुड्याने चाळणीवर पत्र्याच्या उभ्या पट्ट्या बसवल्या. त्याची बायको माझ्यामागून चालत यायची, उकिडवी बसून भुसा बाजूला सारायची आणि खाली किती दाणे पडलेत ते बघायची. आधी तिला मूठभर मिळत. त्या दिवशी चिमूटभरही मिळाले नाहीत.

"अहो, जमलं की!" ती ओरडली.

खुडबुड्या जेवायला उठेना. माझ्याकडे बघत बांधावर बसून राहिला. शेतकऱ्यांना आपली यंत्रं बदलायला एवढं का आवडतं, असं मला कोणी विचारलं तर मला तो चेहरा आठवतो. विकत घेतलेली वस्तू त्या घटकेला त्याची झाली होती.

पण या माणसाला चैन म्हणून नव्हती. एक गोष्ट जमली की दुसरी डोक्यात वळवळायची. पीक आत ओढणारं माझं पुढचं चाक कमी-जास्त वेगाने फिरवून बघ, आरसा उंच कर, बसायची जागा मागे सरकव. मलाही ती सवय लागली. दोन दिवस कोणी पाना लावला नाही की अंग आंबल्यासारखं वाटे.

अशाच एका रिकाम्या आठवड्यात त्याने माझी दगडपेटी काढली. पेटी म्हणजे माझ्या घशातला लोखंडी खळगा. पिकाबरोबर चुकून दगड आला तर तो त्यात पडतो आणि आतला मळणीचा ड्रम वाचतो. "आपण कापतो वरच्या वर. दगड येतोय कुठून?" असं म्हणून त्याने तिथे सपाट पत्रा ठोकला. पेटी बायकोला दिली. तिने त्यात भुसा घातला आणि कोंबडी बसवली.

पुढच्या हंगामात कापणीच्या तोंडावर वादळ आलं. ओढ्याकाठचा सगळा गहू जमिनीवर आडवा झाला. तो कापणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं आणि आभाळ पुन्हा भरून येत होतं.

"दादा, हा गहू गेला तर पुढच्या वर्षी तू वेगळा, मी वेगळा," धाकटा म्हणाला. "यंत्र विकून टाकू. तुझ्या खेळाला मी कंटाळलो."

 खुडबुड्या घरात गेला, लोखंडी खाट बाहेर आणली आणि तिच्या पट्ट्या कापायला बसला.

"अहो, आता आपण झोपायचं कुठे?" बायकोने कपाळाला हात लावला.

"आधी गहू उठू दे. मग आपण झोपू."

त्या पट्ट्यांचे लांब, टोकदार दांडे त्याने माझ्या तोंडाशी बसवले. आडव्या गव्हाखाली शिरून ते त्याला अलगद वर उचलू लागले. धाकटासुद्धा बघत राहिला. अर्धं शेत असं झालं. मग जमिनीला घासत जाणाऱ्या दांड्यांनी गव्हाबरोबर एक दगडही उचलला. दगडपेटी नव्हतीच. तो थेट ड्रमवर आदळला आणि मी किंचाळून थांबले.

ड्रमच्या पट्ट्या वाकल्या होत्या. टेकडीमागे गडगडत होतं.

"पेटी कुठे आहे, दादा?" धाकट्याने विचारलं. त्याचा आवाज फार शांत होता. खुडबुड्याने मान खाली घातली.

तोवर त्याची बायको घराकडे पळाली होती. परत आली ती पेटी कमरेवर घेऊन, धापा टाकत. कोंबडी आतच! उतरायला तयार नाही. तिने धाकट्याकडे अशा रागाने पाहिलं की जणू चूक त्याचीच.

"भाऊजी, आधी हिला समजवा, मग ह्यांना!"

धाकटा रागावायला तोंड उघडणार होता, पण त्याला हसूच फुटलं. सदरा काढून तो माझ्या पोटाखाली शिरला. दोघांनी पट्ट्या ठोकून सरळ केल्या, कोंबडीला हुसकून पेटी जागेवर बसवली. बाहेर येताना धाकटा दांड्यांपाशी थबकला. त्याने एकावर बोट फिरवलं.

"दादा, ह्यांची टोकं जराशी वर वाकवली तर? मातीत घुसणारच नाहीत."

खुडबुड्याने पाना त्याच्या हातात दिला.

पावसाने ओढ्यालगतची गव्हाची एक पट्टी नेली. बाकीचा गहू घरी आला. वेगळं व्हायचा विषय पुन्हा निघाला नाही, कारण धाकट्याला आता रोज काहीतरी नवं सुचू लागलं होतं.

खुडबुड्या आता नाही. शेवटच्या दुखण्यात त्याने दवाखान्यातल्या खाटेचा दांडा दुरुस्त केला होता. त्याची बायको अजून भुसा सारून दाणे बघते, गुडघे दुखतात तरी. धाकट्याला आता गाव खुडबुड्या म्हणतं. पेटी गेल्यावर कोंबडीने नव्या खुराड्यात एकही अंडं दिलं नाही. आणि धाकट्याच्या मुलीने नवीन हार्वेस्टर घेतली आहे. त्या यंत्रावर 'उघडू नये' असं लिहिलंय.

मित्रांनो, वस्तू उघडा, त्यांच्याशी झटा, त्या आपल्याशा करा. पण काढलेला भाग टाकू नका आणि आमच्यासारख्या जुन्यांना कधीतरी तेलपाणी करा. परवा ती मुलगी पाना घेऊन माझ्याकडे आली. गंजलेले नट तिने हळूच सोडवले आणि खाटेचे ते दांडे काढून नेले. आता ओढ्याकाठून नव्या यंत्राचा आवाज येतो, आणि मला इथे उभ्या उभ्या चैन पडत नाही.