दोन फेब्रुवारीची पाटी

शुक्रवार, दोन फेब्रुवारी. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी बिंदेश्वरी पोद्दारने अंगठ्याला थुंकी लावली, माझ्यावरचा एकतीसचा आकडा पुसला, तिथे दोनचा आकडा लिहिला आणि महिना तसाच ठेवला. ०२.०१.२०२४. फेब्रुवारीतला दिवस, जानेवारीचा महिना.

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. खरं सांगायचं तर आता मी अख्खी नाही, दोन तुकडे आहे. ते कसं झालं, ते पुढे येईलच.

माझा जन्म मुंगेर जिल्ह्यातल्या धरहराजवळच्या खाणीत झाला. तिथे डोंगरातून काळ्या दगडाचे थर छिन्नीने सुटे करतात. मला सुटं करणाऱ्या बाईचं नाव फूलो होतं. तिची छिन्नी सटकली आणि तिच्या अंगठ्याचं टोक गेलं. मुकादमाने मला पाण्याने धुतलं, फूलोला घरी पाठवलं आणि मला लाकडी चौकटीत बसवलं. माझ्या डाव्या कोपऱ्यात अजून एक तपकिरी डाग आहे. गिऱ्हाइकांना तो दगडाचाच वाटतो.

मला विकत घेतलं जमालपूरच्या एका बापाने, आपल्या सहा वर्षांच्या मुलासाठी. तो मुलगा म्हणजे हाच बिंदेश्वरी. तो मला छातीशी धरून शाळेत न्यायचा, पावसात आपल्या सदऱ्याखाली झाकायचा. त्याला एकच वाईट खोड होती. तो थुंकीने पुसायचा, आणि तेही चुकलेल्या अक्षरापुरतंच. गुरुजींनी त्याला त्यावरून छडीने फोडून काढलं होतं. "पुसायचं तर पूर्ण पूस, नाहीतर लिहू नकोस!" त्याच्या हातावर चार वळ उठले. खोड गेली नाही.

पुढे त्याने स्टेशन रोडवर फोटोचं दुकान टाकलं. मी माळ्यावर पडून होते. एकोणतीस वर्षं माझ्यावर कोणी काही लिहिलं नाही. मग सरकारी परीक्षांचे अर्ज संगणकावर भरायची पद्धत आली, आणि आयोगाच्या जाहिरातींत एक अट दिसू लागली: उमेदवाराने छातीशी पाटी धरलेली हवी, पाटीवर नाव आणि फोटो काढल्याची तारीख हवी. फोटो जाहिरातीनंतरचाच पाहिजे. बिंदेश्वरीने मला माळ्यावरून उतरवलं. मला फार आनंद झाला, हे मी लपवणार नाही.

त्याने माझी व्यवस्था लावली. वर्ष पांढऱ्या रंगाने, दर एक जानेवारीला. महिना खडूने, दर एक तारखेला. दिवस रोज. नाव दर गिऱ्हाइकाला. जे बदलेल तेवढंच पुसायचं. माझी मागची बाजू सहीच्या सरावाला. आधी माझ्यावर चारदा गिरवायचं, मग पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करायची. त्याची बायको मालती संगणकावर बसायची. फोटो पन्नास केबीच्या आत, सही वीसच्या आत, कान दोन्ही दिसले पाहिजेत, मागे सावली नको. तिचा हात इतका सफाईदार की एका गिऱ्हाइकाला चार मिनिटांत मोकळं करायची.

ज्यांची निवड व्हायची, त्यांचा पाटीसकटचा फोटो बिंदेश्वरी भिंतीवर चिकटवायचा. एकशे बारा फोटो होते. "या पाटीचा हात शुभ आहे," तो सांगायचा. पाटीला हात नसतो, पण मी ऐकून घ्यायचे.

त्या फेब्रुवारीत अर्जाची शेवटची तारीख दोन होती. जाहिरात दहा जानेवारीची. एक तारखेला बिंदेश्वरी लखीसरायला भाचीच्या लग्नाला गेला होता, दुकान बंद होतं. म्हणून महिना बदलायचा राहिला. दोन तारखेला शटर वर गेलं तेव्हा बाहेर तीसेक माणसं उभी होती.

"छातीला लावून धर रे, पोटाला नको!" बिंदेश्वरी ओरडत होता. "मान वर. हसू नकोस, लग्नाचा फोटो नाही."

"भैया, कलम कुठलं लावलंय माझ्यावर?" रांगेतल्या एकाने विचारलं. "तीनशे दोन?"

"चारशे वीस. तुझ्या तोंडाकडे बघून."

सगळे हसले. मित्रांनो, पाटी धरलेला माणूस खरंच कैद्यासारखा दिसतो. आणि आणखी एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. मला धरणाऱ्याला माझ्यावरचं अक्षर दिसत नाही. अक्षर समोरच्याकडे, धरणाऱ्याकडे नुसती पाठ.

अकरावी आली बिभा मंडल. धरहराच्या एका शाळेत ती मुलांची खिचडी शिजवायची. तिच्या बोटांना धुराचा वास होता. पंधरा वर्षांत तिने सहा परीक्षा दिल्या होत्या. ही सातवी, ब्लॉक कचेरीतल्या लिपिकाची. वयाची मर्यादा चाळीस. मोजायच्या तारखेला ती एकोणचाळीस वर्षं अकरा महिन्यांची होती. आठव्या परीक्षेचा प्रश्नच नव्हता. हे तिने मालतीला सांगितलं आणि मालतीने अर्जात भरलं.

"सही दाखव," बिंदेश्वरी म्हणाला.

तिने माझ्या पाठीवर सावकाश, सगळं नाव लिहिलं.

"ही सही आहे की लग्नपत्रिका? साहेबीण व्हायचंय ना? मग साहेबासारखी फर्राटेदार कर. हे बघ, अशी." त्याने एक वेलांटीदार गुंता काढून दाखवला.

"तुमची छान आहे, भैया. पण पुढे दहा ठिकाणी परत करावी लागेल. माझ्या हाताला येते तीच करते."

"कर बाई. बाराखडी काढ."

तिने पाठीवर चारदा लिहिलं. चारही सह्या एकसारख्या आल्या. मग तिने मला छातीशी धरलं. तिचं काळीज जोरात धडधडत होतं, ते मला चौकटीतून कळलं. बिंदेश्वरीने फोटो काढला. नऊ वाजून सात मिनिटं झाली होती.

दुपारी एक चाळीसला मालतीचा हात थांबला. तो सत्तेचाळिसावा फोटो होता.

"अहो, महिना बघा."

"काय झालं महिन्याला?"

"जानेवारी आहे. पाटीवर. सकाळपासून जानेवारीच आहे."

बिंदेश्वरीने मला उचललं, वाचलं. त्याचा चेहरा मी सहाव्या वर्षापासून ओळखते. गुरुजी फळ्याकडून वळले की तो असाच व्हायचा.

"सेहेचाळीस अर्ज गेलेत," मालती हळू आवाजात म्हणाली. "वहीत सगळ्यांचे नंबर आहेत. संध्याकाळपर्यंत दुरुस्ती चालते. फोन करू?"

"आणि काय सांगशील? पोद्दारला महिना लिहिता येत नाही? सेहेचाळीस जण परत येतील, दुकान डोक्यावर घेतील. बाहेरची रांग कोण बघणार?"

"पण त्यांचे अर्ज..."

"कोण बघतंय गं तारीख! ते लोक तोंडसुद्धा बघत नाहीत. गप बस आणि काम कर."

त्याने ओल्या अंगठ्याने महिना पुसला आणि नीट लिहिला. सत्तेचाळिसाव्यापासून सगळे बरोबर झाले. आधीच्या सेहेचाळीस जणांना फोन गेला नाही. संध्याकाळी अर्ज बंद झाले. मालतीने वही फळीवर ठेवली आणि त्या दिवशी ती जेवली नाही. बिंदेश्वरी दोन लिट्ट्या जास्त जेवला.

नोव्हेंबरमध्ये निकाल लागला. सेहेचाळीसपैकी पंचेचाळीस जण नापास झाले. त्यांच्या तारखेशी कोणाला काही कर्तव्य उरलं नाही. बिभा पास झाली. ती पेढे घेऊन दुकानात आली. बिंदेश्वरीने पेढा तोंडात टाकला आणि तिचा फोटो भिंतीवर लावला, एकशे तेरावा. "मी म्हणालो नव्हतो? पाटीचा हात शुभ आहे!" फोटोत मी होते, माझ्यावर ०२.०१.२०२४ होतं, आणि दुकानात उभी बिभा त्या फोटोकडे बघून हसत होती. तिला फक्त आपलं नाव दिसत होतं. मालती उठून आत गेली.

चौदा जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, बिभा परत आली. बिंदेश्वरी चूडा-दही, म्हणजे दहीपोहे, खात होता. पाटण्याला कागदपत्रांची तपासणी झाली होती. तिची सही पाच ठिकाणी जुळली, वय जुळलं, जात जुळली. मग एका बाबूने फोटोवर पेन्सिल टेकवली. जाहिरात दहा जानेवारीची, फोटो दोन जानेवारीचा. अपात्र. हरकत घ्यायला दहा दिवस.

"भैया, एक कागद लिहून द्या. फोटो दोन फेब्रुवारीला काढला, महिना दुकानात चुकला, एवढंच. खाली तुमचा शिक्का. आणि त्या दिवशीच्या वहीच्या पानाची झेरॉक्स."

"वही वाळवीने खाल्ली."

"मग नुसता कागद द्या."

"का देऊ? तारीख तू सांगितलीस, मी लिहिली."

"मी नाव सांगितलं होतं, भैया. तारीख कोणी सांगत नाही. ती सकाळीच लिहिलेली असते."

"पाटी तुझ्या हातात होती ना? वाचता येत नव्हतं? लिपिक व्हायला निघालीस आणि महिना वाचता येत नाही!" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली.

बिभा हसली नाही, रडलीही नाही. "अक्षर तुमच्याकडे होतं, भैया. माझ्याकडे नुसतं लाकूड होतं."

बिंदेश्वरीने भिंतीवरचा तिचा फोटो ओरबाडून काढला आणि चुरगाळून खिशात घातला. मग ती म्हणाली, "निदान पाटी द्या. साहेबांना दाखवते. वर्ष रंगाचं आहे, महिना खडूचा आहे. कसं चुकलं ते बघून कळेल त्यांना."

"पाटी पाहिजे? घे पाटी."

त्याने मला टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटलं. मित्रांनो, दगडाला दुखतं का, असं तुम्ही विचाराल. याच हातांनी मला पावसात सदऱ्याखाली झाकलं होतं. मी बरोबर मधोमध फुटले. फूलोचा डाग एका तुकड्यावर राहिला, रंगवलेलं वर्ष दुसऱ्यावर. "आता दाखव जाऊन," तो म्हणाला आणि हात धुवायला मागे गेला.

मालतीने दोन्ही तुकडे उचलले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून बिभाच्या पिशवीत घातले.

"सत्तेचाळिसावा फोटो माझ्या हातात होता," ती घाईघाईने म्हणाली. "मी त्यांना सांगितलं होतं. फोन केला असता तर त्याच दिवशी दुरुस्त झालं असतं."

"मग तुम्ही का नाही केला, भाभी?"

मालतीने पिशवी तिच्या खांद्याला अडकवली. नळ बंद झाल्याचा आवाज आला. "सुनावणी कधी आहे ते कळव. मी येईन. तोंडाने सांगेन. जा आता, जा."

बिभाने हरकत पाठवली. सुनावणीची तारीख मिळाली: पाच फेब्रुवारी, बुधवार, सकाळी अकरा. तिने मालतीला कळवलं. मालतीने पहाटेच्या गाडीने येते असं सांगितलं. घरी बिभाच्या दिराने विचारलं, पिशवीत काय आहे. तिने पाटी म्हटल्यावर तो म्हणाला, "चाळिशीत पाटी? आता शाळेत नाव घाल." ती त्याला ताट वाढून निघाली.

मित्रांनो, आता मी फार वेळ बोलणार नाही. मला चिकटवा, जपा, कपाटात ठेवा, असं मी म्हणत नाही. फुटलेली पाटी कोणी जपत नाही. दोनच गोष्टी सांगते. पुसायचं असेल तेव्हा पूर्ण पुसा. अर्धं पुसलेलं कोऱ्यापेक्षा वाईट असतं, कारण ते खरं वाटतं. आणि दुसऱ्याने लिहिलेलं काही छातीशी धरायची वेळ आली, तर लोक हसले तरी चालेल, रांग खोळंबली तरी चालेल, आधी उलटून वाचा.

आज पाच फेब्रुवारी आहे. बिभा सव्वानऊपासून आयोगाच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसली आहे. मी तिच्या मांडीवर वर्तमानपत्रात आहे. यादीत तिचा नंबर सातवा. जमालपूरची गाडी वेळेवर आल्याचं तिने खालच्या चहावाल्याकडून माहीत करून घेतलं. साडेदहापर्यंत तिने मालतीला तीनदा फोन केला. घंटी वाजत राहिली. दहा बावन्नला चौथा फोन उचलला गेला.

"भाभी? कुठपर्यंत आलात?"

पलीकडून बिंदेश्वरीचा आवाज आला, तो मलाही ऐकू आला. "भाभी कामात आहे." पाचव्या वेळी फोन बंद होता.

अकरा वाजून बावीस मिनिटांनी शिपायाने नाव पुकारलं. बिभा उठली. शिपायाने पुडक्याला बोट लावलं.

"यात काय आहे?"

"पाटी आहे. पुरावा आहे, भैया."

त्याने कागद सोडून बघितलं. "दगड आत नेता येत नाही, दीदी. वरचा हुकूम आहे. इथेच ठेवा. कोण नेतंय फुटकी पाटी?"

तिने दोन्ही तुकडे बाकावर शेजारी शेजारी ठेवले, कडा जुळवल्या, पदर नीट केला आणि अकरा चोवीसला ती आत गेली. दार लागलं. आत साहेब काय विचारतात, ती काय सांगते, मला ऐकू येत नाही.

बारा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. दार उघडलेलं नाही. जिन्यावरून आतापर्यंत अकरा माणसं वर आली. त्यात मालती नव्हती.