गाठ ओढणारा चुंबक

वसईजवळच्या वटार गावात, केळीच्या वाडीत दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. पार नायगावहून माणसं यायची, चुंबकनाथ महाराजांना पाहायला. महाराज रोग्याच्या गाठीवर कातासारखा काळपट लेप थापायचे, वर विड्याचं पान ठेवायचे आणि पानावरून चुंबक फिरवायचे. मग पान उलटं करून दाखवायचे. पानाला काळे बारीक काटे उभे राहिलेले असायचे.

"हा बघा कॅन्सर," महाराज म्हणायचे. "मी खायला देतो त्या भस्माचा सूक्ष्म कण पोटातून थेट गाठीत शिरतो, रोगाला धरतो, आणि चुंबक दोघांना बाहेर ओढतो. परदेशातले शास्त्रज्ञ आत्ता कुठे हे शिकतायत. आमच्या गुरूंनी हजार वर्षांपूर्वी केलं."

शेजारी अशाच प्रयोगांच्या बातमीचं वर्तमानपत्रातलं एक कात्रण फ्रेम करून हार घालून ठेवलं होतं. छापलेल्या कागदापुढे शिकलेली माणसंही हात जोडत होती. गुरूंचं वय एकानंही विचारलं नाही.

सुशीलाच्या छातीत सुपारीएवढी गाठ होती. वसईच्या डॉ. गॅब्रिएलनी स्पष्ट सांगितलं होतं, "आत्ता काढली तर बऱ्या व्हाल. उशीर करू नका." पण सुशीलाची आई ऑपरेशननंतर घरी परतली नव्हती. सुरीचं नाव काढलं की सुशीला विषय बदलायची. नवरा भालचंद्र म्हणाला, "कापाकापीशिवाय होतंय तर बघू की." मुंबईच्या हॉस्पिटलची ऑपरेशनची एक तारीख तिने बुडवली. आता सोमवारची दुसरी होती, आणि महाराजांनी बजावलं होतं, सुरी लागली की कण पळून जातात.

रांगेत तिच्यापुढे नायगावची भागूबाई असायची. तिची गाठ फुटून जखम वाहत होती. "विष बाहेर पडतंय," महाराज म्हणायचे, आणि ती बिचारी पाया पडायची.

बुधवारी सकाळी भस्माची पुडी सोडताना सुशीलाच्या हातून ती ओट्यावर सांडली. महाराजांच्या प्रसादाला केरसुणी कशी लावायची? रात्री छातीला बांधायला दिलेला चुंबक जवळच होता. तिने तो भक्तिभावाने भस्मावरून फिरवला.

एकही कण चिकटला नाही.

तिने पुन्हा फिरवला. चुंबक पुसला, पुडी हलवली, पुन्हा फिरवला. मग चिमूटभर बोटांत चोळली, नाकाशी नेली. जळक्या करवंटीचा वास. चूल पेटवणाऱ्या बाईला तो कुणी शिकवावा लागत नाही. मग पानावर चिकटतं ते काय? भीतीची जागा संतापाने घेतली.

गुरुवारी ती भालचंद्रला घेऊन थेट चौरंगापुढे उभी राहिली. "महाराज, तुमचं भस्म चुंबकाला चिकटत नाही."

"श्रद्धा आटली की चुंबक झोपतो, बाई."

"असं? मग याला उठवते." तिने घरचा चुंबक लेपाच्या वाटीत बुडवून वर काढला. त्याला काळे काटे दाटून उभे राहिले होते. "या वाटीला कॅन्सर कधी झाला, महाराज?"

चेला हात धरायला धावला. भालचंद्रने त्याला ढकललं आणि काटे चिमटीत धरून पाहिले. तो सातिवलीच्या एका कारखान्यात ग्राइंडरवर होता. त्याचा चेहरा उतरला. "लोखंडाचा कीस आहे हा. आमच्या मशीनखाली रोज पडतो. लेपातच कालवलाय."

महाराज मागच्या कुंपणाकडे निघाले होते. लोकांनी त्यांना धरून वसईच्या पोलिसांकडे नेलं.

सुशीला भागूबाईला घेऊन डॉ. गॅब्रिएलांकडे गेली. कात्रणाचं विचारलं. "बातमी खरी आहे," डॉक्टर म्हणाले. "औषध सूक्ष्म कणांत भरून चुंबकाने नेमकं गाठीपर्यंत न्यायचं, असे प्रयोग चाललेत. पण बहुतेक उंदरांवर. माणसापर्यंत यायला वर्षं लागतील. ते लोक चूक झाली तर छापून सांगतात. या चोराने त्यांचे शब्द तेवढे उचलले."

मग त्यांनी भागूबाईला तपासलं. बराच वेळ.

"माजी पन काडतील ना, डॉक्टर?" तिने विचारलं. डॉक्टरांनी हलक्या हाताने तिची पट्टी बदलली.

सोमवारी सुशीलाचं ऑपरेशन झालं. ती आज आपल्या वाडीत विड्याची पानं खुडते. भागूबाई दिवाळीआधी गेली. ती मूर्ख नव्हती हो. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीतरी गोड बोलून चार महिने बसवून ठेवलं.

म्हणून सांगतो, गाठ लागली तर आधी डॉक्टर गाठा. चमत्कार दाखवणाऱ्याला बेधडक विचारा, हे कसं होतं, माझ्या हाताने करून बघू का? शास्त्राला प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्यापुढून उठा, आणि शेजारच्या भागूबाईलाही उठवा, तिची गाठ सुपारीएवढी आहे तोवरच.