सोबत जोडले आहे: फूल, नग एक

मित्रांनो, मी एक रानफूल आहे, वयाने जुने आणि जाडीने कागदाएवढे. सध्या माझा मुक्काम एका फाइलच्या चौथ्या पानावर आहे. माझ्या देठातून एक टाचणी गेलेली आहे. ती दुखत नाही. दुखण्याची वेळ होऊन गेली.

माझे मूळ गाव म्हणजे डोंगरावरचे दाट, ओले रान. तिथे ऊन जमिनीवर पोचेपर्यंत थकून जाते आणि नेच्यांच्या अंगावरून दुपारपर्यंत थेंब ठिबकत राहतात. माणसे आम्हाला तीनपानी म्हणतात, कारण आम्हाला तीन पाने असतात. पाकळ्याही तीनच. आमच्या घराण्यात चारपर्यंत मोजायची वेळ अजून कुणावर आलेली नाही.

माझी सुरुवात कचऱ्यात झाली. मी बी होते तेव्हा माझ्या टोकाला एक तेलकट गोळा होता. तो एका मुंगीला आवडला. तिने मला ओढत आपल्या घरी नेले, गोळा खाल्ला आणि मला कचऱ्याच्या खोलीत टाकून दिले. ती खोली ओलसर होती आणि माती भुसभुशीत होती. माझ्यावर आजवर झालेला हा सर्वांत मोठा उपकार, आणि करणारीला त्याचा पत्ताही नाही.

दोन हिवाळे मी जमिनीखाली काढले. मग एक पान काढले. एकच. ते एक पान घेऊन मी तीन वर्षे उभे होते. तुमच्यापैकी कुणी तीन वर्षे पहिलीत बसले असेल, तर त्याला माझे दुःख कळेल. पुढे तीन पाने आली, पण आणखी तीन वर्षे नुसतीच पाने. नवव्या वर्षी कळी आली. आता जरा आनंद करावा म्हटले, तर त्याच आठवड्यात रस्ता आला.

रस्ता म्हणजे तेव्हा फक्त झाडांवर मारलेल्या चुन्याच्या खुणा होत्या. डोंगराच्या टोकावर एक कठडा बांधायचा होता. तिथे उभे राहून लोकांनी खालचे रान किती सुंदर आहे ते बघायचे होते. कठड्यापर्यंत जायला रस्ता हवा, आणि तो रानातूनच जाणार होता. त्यामुळे रान थोडे कमी होणार होते. पण ते वरून दिसणार नव्हते.

पायथ्याच्या कचेरीत एक नियम होता. जिथे तीनपानी फुललेली आढळेल, तिथून रस्ता न्यायचा नाही. मग तो ओढ्यापलीकडच्या उघड्या कातळावरून न्यायचा. नियम फक्त फुललेल्यांसाठी होता. माझ्या मागे उतारावर एकेका पानाची चाळीस पोरे उभी होती, ती कुणी जमेत धरत नव्हते. अख्ख्या उतारावर कळी धरलेले मी एकटे. तेव्हा चाळीस पोरे, नेचे, शेवाळ आणि एक चिडका बेडूक एवढ्या सगळ्यांचा भार माझ्या एका कळीवर आला. नऊ वर्षांत मला कुणी साधे काम सांगितले नव्हते, आणि सांगितले ते हे.

पाहणीला कचेरीने दोन माणसे पाठवली होती. एक ताई होती, कंत्राटावर काम करणारी, कचेरीचे गमबूट घालून फिरणारी. ते तिला दोन नंबर मोठे होते. दुसरे काका, मोजणीची फीत धरणारे, निवृत्तीला टेकलेले. मुदत पंधरा दिवसांची होती. ताई रोज यायची, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसायची आणि कळीकडे बघत राहायची. कळीला फार अवघडल्यासारखे व्हायचे.

"आज तरी?" काका मागून विचारायचे.

"नाही हो. कालच्यासारखीच आहे."

"तिला सांग, मुदत मंगळवारी संपते म्हणावं."

"तिला काय कॅलेंडर दिसतंय, काका?"

"साहेबांना तरी कुठे दिसतं? त्यांच्या भिंतीवर मागच्या वर्षीचं आहे."

लवकर उमलण्यासाठी मला काय काय करता येईल, याचा मी शांतपणे विचार केला. काहीही करता येत नव्हते. ही गोष्ट मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून पाहिली. तीच निघाली.

चौदाव्या दिवशी सकाळी मी उमलले. ताई ओरडली नाही. तिने चिखलात मांडी घातली आणि म्हणाली, "काका, या. पण हळू या."

काका आले, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "इतकी वर्षं फीत धरली गं मी, पण हे असं जवळून आज बघतोय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले कौतुक ते एवढेच. ते साधारण दहा मिनिटे चालले. मग ताईने फॉर्म काढला आणि लिहीत लिहीत ती अकराव्या रकान्यापाशी थांबली. तिथे छापले होते, 'नमुना सोबत जोडावा'.

"फोटो काढलेत ना मी, चारी बाजूंनी."

"फोटो चालत नाही. मागे मी लावला होता, तर साहेब म्हणाले, हे कुणाच्याही परसातलं असेल. नमुनाच लागतो."

"एकच आहे, काका."

"ते रकान्याला कसं कळणार?"

"आणि रकाना मोकळा ठेवला तर?"

"तर फॉर्म परत येतो. उद्या मुदत संपते. परवा तो फॉर्म घेऊन तू काय करणार, पतंग?"

आता आमची एक अडचण सांगते. आमची तीन पाने फुलाच्या लगेच खाली, त्याच देठावर असतात. आमचे स्वयंपाकघर तेवढेच. देठ कापला की खालचे मूळ वर्षभर उपाशी. ते जगेल की नाही, हे मुळालाही सांगता येत नाही. ताईला हे माहीत होते. तिने काकांना ते सांगितलेही.

"मग?" काका म्हणाले.

"मग मागे ती चाळीस पोरं उभी आहेत," ताई म्हणाली. तिने कात्री काढली. "माफ कर गं."

मी माफ केले असते की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. उत्तराची वाट बघायला कुणाला वेळ नव्हता आणि उत्तर द्यायला मला तोंड नव्हते.

काकांनी मला रद्दी वर्तमानपत्रात गुंडाळले आणि जेवणाच्या डब्याखाली दाबले. अशा रीतीने मी नोकरीला लागले. कचेरीत दोन टेबले होती आणि एक पंखा होता. पंखा कागद उडवायचा, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर दगड ठेवलेला होता. डोंगराकडची खिडकी कपाटामागे गेली होती. साहेबांच्या टेबलावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी होती. ती रोज ओल्या फडक्याने पुसली जायची. इतकी निगा आमच्या घराण्यात कुणाचीच कधी झाली नव्हती.

साहेब वाईट नव्हते. ते नियमाने वागणारे होते. बाराव्या रकान्यात त्यांनी स्वतः जागेवर जाऊन फुललेली रोपे मोजून लिहायची होती. ते गेले, बूट चिखलाने माखून परत आले आणि त्यांनी शून्य लिहिले.

"ताई, तिथे फूल नाहीये."

"साहेब, ते तुमच्यासमोर आहे."

"हा नमुना झाला. मी जागेवरचं विचारतोय."

"नमुना तिथलाच आहे."

"मग तो तिथे का नाही?"

"इथे आहे म्हणून."

"तेच मी म्हणतोय. तिथे नाही. ताई, मलाही वाईट वाटतं हो. पण शून्याच्या जागी एक कसा लिहू?"

काकांना राहवले नाही. "साहेब, फूल होतं. मी शेजारीच उभा होतो. माझ्यासमोर कापलं तिनं."

साहेबांनी पेनाला टोपण लावले. "काका, हे तुम्ही बोलायला नको होतं. संरक्षित फूल तोडणं गुन्हा आहे. आता माझ्या कानावर आलंय म्हटल्यावर खुलासा मागवावा लागेल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी ताईच्या नावाने पत्र निघाले: 'सदर जागेवर फुललेले संरक्षित फूल आपण तोडल्याचे निदर्शनास आले आहे. दोन दिवसांत खुलासा करावा. सोबत पुरावा: फूल, नग एक.' चौथ्या पानावर मी ताईच्या बाजूने होते, नवव्या पानावर तिच्या विरुद्ध. दोन्हीकडे मीच, म्हणून दोन्ही पाने एकत्र आणून त्यांना एकच टाचणी मारण्यात आली. मधली चार पाने माझ्यामुळे आजही नीट उघडत नाहीत.

काकांनी ताईला बाकावर बसवले. "सरळ लिही, मी तोडलं नाही. वाऱ्यानं पडलेलं, उचललं. खाली मी सही करतो. दोन महिन्यांत पक्की होणारेस तू, उगाच हरिश्चंद्र होऊ नकोस."

ताई पत्र वाचत होती. तिने ते दोनदा वाचले.

"काका, साहेबांनी काय लिहिलंय बघा. सदर जागेवर फुललेलं."

"मग?"

"मग ते तिथे फुललं होतं, हे त्यांनीच लिहून दिलंय. मी फक्त हो म्हणायचं."

"हो म्हणालीस तर घरी बसवतील."

"आणि नाही म्हणाले तर रस्ता उतारावरून जाईल. पेन द्या तुमचं."

"माझ्या पेनानं नको," काका म्हणाले. पण दिले.

फाइल तिच्या हाताखाली होती, त्यामुळे प्रत्येक अक्षराचा दाब मला जाणवला. 'होय. सदर जागेवर फुललेले फूल मी तोडले.' एवढेच लिहून तिने सही केली. तिला थांबवावे की शाबासकी द्यावी, मला कळेना. दोन्ही मला सारखेच अशक्य होते.

तीन आठवड्यांनी वरून हुकूम आला. त्यात दोन वाक्ये होती. सदर जागेवर फूल होते हे कबुलीवरून सिद्ध होत असल्याने रस्ता ओढ्यापलीकडून न्यावा. सदर फूल तोडल्याबद्दल संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी करावे. साहेबांनी दोन्ही वाक्ये एकाच आवाजात वाचली आणि पेलाभर पाणी प्यायले.

ताई गमबूट परत करायला आली. साहेब म्हणाले, "बसा ना." ती बसली नाही. तिने फाइल उघडली. आम्ही पांढरी फुले वय झाले की गुलाबी होतो. मी त्याही पुढे जाऊन चहाच्या डागासारखे दिसत होते. तिने माझी दुमडलेली पाकळी नखाने सरळ केली.

"मी जाऊन येईन अधूनमधून," काका म्हणाले. "मूळ जगलं का ते बघतो."

"गुडघे तपासून घ्या आधी. तो चढ तुम्हाला झेपायचा नाही."

"मग बघणार कोण?"

ताईने फाइल मिटली. पुढे मला काही दिसले नाही.

मित्रांनो, खाली माझे मूळ जगले की नाही, मला माहीत नाही. मूळ माझेच, तरी माहीत नाही. तुमची एवढीच मदत हवी आहे. ओल्या रानात कधी तीन पानांवर तीन पाकळ्या दिसल्या, तर बसा, बघा आणि उठून चालू लागा. कुणी नमुना मागितला तर त्या माणसालाच फुलापाशी घेऊन या. साहेब असला तरी आणा. त्यालाही पाय असतात.

चौदाव्या दिवशी ताईला हे सुचले नाही, काकांनाही सुचले नाही. मला सुचले होते. ती कात्री शोधत होती तेवढ्या वेळात मी ते मनात अनेकदा म्हटले.