पुलावरचं अस्वल

“मेले,” आत्या म्हणाली आणि रिमोट मांडीवरच्या उशीवर टाकला.

“परत?” भाचीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“परत. पण या खेपेला एक फटका बसला हं त्याला.”

“लागलं का?”

“डास चावल्यासारखं बघितलंन माझ्याकडे. मग उचलून नदीत.”

भाची हात पुसत बाहेर आली. टीव्हीच्या पडद्यावर लाकडी पूल होता, पुलाच्या मधोमध एक तपकिरी अस्वल ठाण मांडून बसलं होतं आणि पुलाच्या अलीकडे, नुकतीच पुन्हा जिवंत झालेली एक धिप्पाड बाई हातात लाकूडतोडीची कुऱ्हाड घेऊन उभी होती. या बाईला आत्यानं ‘दांडगी’ असं नाव दिलं होतं. तिचा चेहरा घडवण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली होती. नाक, हनुवटी, कपाळ सगळं मनासारखं जमलं. दातांशी मात्र गाडी अडली. “सगळे एका मापाचे! पट्टीनं आखल्यासारखे,” आत्या म्हणाली होती. “असे दात कुणाचे असतात का?” शेवटी तिनं दांडगीला मिटल्या ओठांची करून टाकलं.

दातांचं आत्याला कळायचंच. उभं आयुष्य तिनं दात करण्यात घालवलं होतं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवायचे, त्यावरून प्लास्टरचा साचा व्हायचा, आणि त्या साच्यावर आत्या मेणाचा दात कोरायची. मग त्या मेणावरून पुढे कॅप. कारखाना म्हणजे एका जिन्याखालून आत गेलं की लागणाऱ्या तीन खोल्या. त्यातली खिडकीजवळची खुर्ची आत्याची. दाढा कुणीही कराव्यात, समोरचे दात मात्र आत्याकडे.

आणि मग एक दिवस धुतलेल्या फरशीवरून तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. जन्मभर प्लास्टर कालवणाऱ्या बाईचा हातच प्लास्टरमध्ये गेला. “बुडबुडे राहिलेत,” तिनं हाडांच्या डॉक्टरांना सुनावलं होतं. “नीट ठोकून घ्यायला हवं होतं.”

हाड जुळलं. अंगठा मात्र ऐकेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं एक रबरी चेंडू दिला, दाबायला. आत्यानं तो दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी तो सोफ्याखाली गेला आणि तिथंच रमला. भाची तिच्याकडेच राहायची, बालवाडीत शिकवायची. न ऐकणाऱ्यांना कसं वळवायचं हा तिचा रोजचा धंदा. तिनं आपला गेम टीव्हीला जोडला आणि रिमोट आत्याच्या हातात दिला. “ही घुंडी अंगठ्यानं फिरवायची. डोंगर आहेत, जंगलं आहेत, गावं आहेत. कुठंही जा.”

आत्या कुठंही गेली नाही. पहिल्याच गावाबाहेर पूल होता, पुलावर अस्वल होतं, आणि तिथंच तिचा आठवडा गेला.

“आत्या, मी काय सांगितलं होतं?” भाची तिच्या शेजारी बसली. बोलणं गोड, सुरात थोडी बालवाडी. “अस्वल आत्ता नाही मारायचं. ते नंतरचं आहे.”

“मग ठेवलंय कशाला रस्त्यात?”

“दिसावं म्हणून. समोर दिसलं म्हणजे लगेच करायचंच असं नसतं गं. नवीन माणसानं आधी हिंडायचं, जो भेटेल त्याच्याशी बोलायचं, चार छोटी कामं करायची. अंगात ताकद आली की मग अस्वल.”

“हातातलं काम टाकून दुसरीकडे जायचं?”

“हो!”

“ते मला नाही जमायचं.”

आणि खरंच जमत नव्हतं. कारखान्यात प्रत्येक पेशंटचं काम एका ट्रेमध्ये असायचं: साचा, ठसा, डॉक्टरांची चिठ्ठी. समोरचा ट्रे पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, नाहीतर एकाचा दात दुसऱ्याच्या तोंडात जातो. हा नियम आत्यानंच घालून दिला होता आणि नव्यांच्या अंगवळणी पाडला होता. अस्वल हा आता तिच्या समोरचा ट्रे होता.

“आणि ही औषधं का साठवलीस एवढी?” भाचीनं दांडगीची पोतडी उघडून बघितली. “प्यायची असतात ती. मरायच्या आधी.”

“लागतील पुढे.”

“पुढे म्हणजे कधी? रोज मरतेयस! आणि या फुटक्या कढया?”

“रस्त्यात पडल्या होत्या. चांगल्या आहेत.”

“म्हणून चालता येत नाहीये तुला! लढवय्यी आहेस की भंगारवाली?”

आत्या हसली, पण तिचं लक्ष अंगठ्याकडे होतं. घुंडी जोरात ढकलायला तो तयार असायचा. हळूच, केसभर सरकवायचं म्हटलं की थरथरायचा. मालकांनी सोमवारी बोलावलं होतं. “ताई, खुर्ची तुमचीच आहे,” ते फोनवर म्हणाले होते, “फक्त एक सुळा कोरून बघा. समोरच्या दातांचं काम आहे, डॉक्टर लोक कुरकुरतात... बघू.” त्या ‘बघू’नं आत्याची झोप उडवली होती. सुळा जमला तर खिडकी. नाही जमला तर मागची खोली, प्लास्टरच्या गोण्या.

रविवारी सकाळी अस्वलानं तिला पुन्हा नदीत फेकलं आणि अंगठ्यात वांब आला. भाचीनं रिमोट काढून घेतला, अंगठा चोळून दिला.

“आज माझं ऐकायचं. अस्वलाकडे बघायचंसुद्धा नाही. पाठ फिरव आणि चालू लाग.”

“पळून जाऊ?”

“पळून जायचं बटण दिलंय त्यांनी. लाज वाटायची असती तर दिलं असतं का?”

मग जिवावर येऊनच आत्यानं दांडगीला वळवलं. कढया टाकल्या, एक ठेवली, भाचीची नजर चुकवून. नदीच्या कडेकडेनं गेल्यावर एक नावाडी भेटला, त्याची वल्ही हरवली होती. वल्ही शोधताना गुहा सापडली. गुहेतून बाहेर पडली तर समोर अथांग समुद्र, आणि त्यावर कुणीतरी नुकतंच पुसून स्वच्छ केल्यासारखं ऊन. आत्या बघतच राहिली. एका म्हातारीची शेळी तिनं डोंगरावरून हाकलत आणली, शेळी दोनदा कड्यावरून पडली आणि दोन्ही वेळा आत्या “अगं अगं अगं!” म्हणून सोफ्यावरून उठली. जेवायच्या वेळी तिनं मिठाची घट्ट बरणी उघडून भाचीपुढे सरकवली. बरणी आपण उघडली हे दोघींच्याही ध्यानात आलं ते जेवण झाल्यावर.

सोमवारी आत्या जिन्याखालून आत गेली. वितळत्या मेणाचा वास आला आणि तिला बरं वाटलं. चिमणी धावत आली. तिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण तिचं तोंड मिटायचं नाही. हात मात्र चांगला होता. आत्यानंच तयार केला होता.

“ताई! तुमची खुर्ची मी रोज पुसली. कुणाला बसू दिलं नाही. मालक बसले होते एकदा, त्यांनाही उठवलं!”

“गप्प बस आणि मेण आण.”

आत्यानं आपली कोरणी घेतली आणि सुळा धरला. ढोबळ आकार भराभर उतरला. टोक आलं, मान आली. राहिला तो मधला कंगोरा. सुळ्याच्या दर्शनी बाजूवर वरून खाली एक अगदी पुसट उंचवटा असतो. उजेड तिथं अडतो, म्हणून दात जिवंत दिसतो. तो काढायला अंगठ्यानं नुसतं श्वासाएवढं सरकायचं असतं.

अंगठा थरथरला. कंगोऱ्याच्या जागी खाच पडली.

तिनं नवं मेण घेतलं. पुन्हा खाच. चिमणी बोलायची थांबली, हे सगळ्यात वाईट. मालक लांबून म्हणाले, “सावकाश, ताई. घाई नाही.” तिसरं मेण हातात घेताना आत्याला नदीचं पाणी आठवलं. हे अस्वल संध्याकाळपर्यंत तिला फेकत राहिलं असतं, आणि ती उठून पुन्हा पुलावर गेली असती. सवयीनं.

दाराची घंटा वाजली. डॉक्टरांनी एका पेशंटला दाताचा रंग जुळवायला पाठवलं होतं. हे काम मालक करायचे: दारातच उभं करून, ट्यूबच्या उजेडात, नमुन्यांची पट्टी तोंडाशी धरून घाईघाईनं. आत्ता मालक फोनवर कुणाची तरी समजूत काढत होते.

आत्यानं कोरणी खाली ठेवली. अर्धवट सुळा ट्रेमध्ये तसाच राहिला आणि ती उठली. चिमणीनं आ वासला.

दारात एक आडव्या अंगाचा माणूस तोंडावर तळवा धरून उभा होता.

“या. इथं नाही, आत या. खिडकीत बसा.” तिनं त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं. “हात काढा.”

“बरं दिसत नाही हो.”

“मला प्लास्टरचे दात बघायची सवय आहे. तुमचे त्याहून बरेच असतील.”

त्यानं हात काढला. समोरचा एक दात अर्धा तुटला होता.

“कशानं?”

“बाटलीचं झाकण...” तो ओशाळला. “शाळेची बस चालवतो मी. पोरांनी पैज लावली होती.”

“जिंकलात?”

“झाकण निघालं.”

“मग जिंकलात. हसा आता.”

“असं उगीच कसं हसू?”

“पोरं काय म्हणतात तुम्हाला दात तुटल्यापासून?”

“काका, खिडकी उघडी राहिली, म्हणतात,” तो म्हणाला आणि स्वतःच खदखदून हसला. आत्या वाकून बघत राहिली. इतकी वर्षं तिनं माणसांचे दात केले, पण आले ते साचेच, पांढरे, गप्प. हसताना ओठ कुठवर चढतो, उजेड कुठं पडतो, हे तिनं मनानं ठरवलेलं. इथं ते समोर होतं. तिनं पट्टीवरचा एक नमुना लावला, मग दुसरा. “मानेशी चहाचा रंग, टोकाशी निळसर झाक. चिमणे, लिहून घे. आणि शेजारचा दात जरा तिरका आहे, नवाही तेवढाच तिरका कर. सरळ केलास तर पाहुणा वाटेल.”

बसवाला गेला तेव्हा तोंडावर हात धरायचं विसरून गेला. मालक फोन ठेवून कधीचे उभे होते.

“मालक, सुळा चिमणीला द्या,” आत्या म्हणाली. “रंग मी बघत जाईन. पेशंट मात्र आत, खिडकीत बसवायचा.”

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ताई, मी तुम्हाला मागच्या खोलीत...”

“माहीत आहे. तिकडे मी जात नाही. मला माणसं बघायची आहेत.”

कोरणी तिनं चिमणीच्या हातात दिली. दांडा झिजून आत्याच्या अंगठ्याच्या आकाराचा झाला होता. चिमणीचा अंगठा त्या खळग्यात जरा मोकळाच बसला.

“धार मीच लावीन हं,” आत्या म्हणाली. चिमणीनं नुसती मान हलवली. त्या दिवशी ती दुसऱ्यांदा गप्प झाली.

पुढं पावसाळा सरला, थंडी आली. दांडगीनं डोंगर पालथे घातले, चिलखत मिळवलं, औषधं वेळच्या वेळी प्यायली. एका संध्याकाळी हिंडत हिंडत ती पहिल्या गावाशी आली. पूल तसाच होता. अस्वलही.

“आत्या! आता दोन फटक्यांत!” भाची सोफ्यावर पाय घेऊन बसली. “मार!”

अस्वल उठलं, जबडा वासून गुरगुरलं. आत्यानं दांडगीला एक पाऊल मागं घेतलं. पूर्वी हा जबडा दिसायचा तो नदीत पडताना, क्षणभर. आज ती निवांत बघू शकत होती.

“थांब. सुळा बघ त्याचा.”

“काय झालं सुळ्याला?”

“कंगोरा आहे.” आत्या पुढं झुकली. “माणसांचे दात पट्टीनं आखलेत, पण हा कुणीतरी मन लावून केलाय. कसा उजेड धरतोय बघ.”

“मग मारायचं नाही?”

“राहू दे. वाट नदीकडूनही आहे आपल्याला.”

दांडगी वळली आणि काठाकाठानं नावाड्याकडे निघाली. अस्वल परत पुलाच्या मधोमध बसलं. भाची काहीतरी हसत सांगत होती. आत्या हुं म्हणत होती. तिचा अंगठा रिमोटच्या गुळगुळीत कडेवरून सावकाश, वरून खाली फिरत होता.