कमलाक्षीला माणसं आवडत नाहीत

मांद्र्याच्या किनाऱ्याजवळच्या त्या केंद्रात माणसं स्वतःला शोधायला येत. दिल्लीहून, बंगळुरूहून, पुण्याहून, कधी परदेशातूनही. सात दिवस मौन पाळायचं, पहाटे उठून श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि आठव्या दिवशी विमान पकडायचं. कमलाक्षी तिथं स्वयंपाक करायची आणि या शोधकांकडे चुलीपाशी उभी राहून बघायची. उकड्या तांदळाची पेज तिच्या इब्रामपुरात घरोघरी रोज शिजते. तीच इथं करवंटीत वाढली की ही माणसं आधी तिचा फोटो काढत, मग डोळे मिटून एकेक घास घेत. एकदा एक बाई पेज खाता खाता रडायला लागली. कमलाक्षी आत येऊन भांडी घासणाऱ्या सिद्धीला म्हणाली, "मीठ कमी पडलां असतला. दुसरा काय?"

तिला या लोकांची कीव येत नसे. तिरस्कार वाटे. खाऊनपिऊन सुखी, अंगावर पांढरे स्वच्छ कपडे, आणि म्हणे आम्ही हरवलोय!

पण हे ती कुणाला दाखवत नसे. कमलाक्षी म्हणजे देवमाणूस, असं सगळं गाव म्हणायचं. लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षं गावात कुणाचं बारसं असो, मुंज असो की तेरावं, खोबरं खवायला आणि भाताचा टोप उतरवायला पहिली हाक तिला. ती हसत जायची, हसत वाढायची, सगळ्यांत शेवटी जेवायची. आणि मनात एकेकाची सालं काढत असायची. हा अधाशी, ती खोटारडी, त्या भटजींना मंत्र येत नाहीत. हसू मात्र चेहऱ्यावरून हलायचं नाही. त्या हसण्याची तिला सगळ्यांत जास्त चीड होती.

मुलगी गौरवी लग्न होऊन वाळपईला गेली आणि मुलगा साईश बोटीवर नोकरीला लागला, तेव्हाची एक दुपार तिला विसरता येत नव्हती. नवरा सगुण पेडण्याला गेला होता. घरात ती एकटी. आज फक्त आपल्यापुरतं रांधायचं, असं म्हणून ती उठली आणि भाजीच्या टोपलीसमोर तासभर नुसती उभी राहिली. आपल्याला काय आवडतं, हेच तिला आठवेना. नवऱ्याला काय, मुलांना काय, जावेला काय, सगळं तोंडपाठ. शेवटी ती उपाशीच निजली. घरात बसवेना म्हणून पुढच्याच महिन्यात तिनं ही नोकरी धरली. म्हणजे हरवलेली तीही होतीच. पण पांढरे कपडे घालून ते जगाला सांगत फिरण्याइतकी निर्लज्ज नव्हती.

एका गुरुवारी केंद्राचे निर्मलसर स्वयंपाकघरात आले. मौन तेवढ्यापुरतं सोडून जोडीजोडीनं करायचा एक खेळ होता, आणि एक पाहुणा पोट बिघडून खोलीत पडला होता. एक माणूस कमी.

"मावशी, दहाच मिनिटं," सर म्हणाले.

तिची जोडी लागली पुण्याच्या अंकिताशी. दोघींनी समोरासमोर बसायचं. एकीनं एकच प्रश्न विचारत राहायचं, दुसरीनं दर वेळी मनात येईल ते उत्तर द्यायचं.

"तुम्ही कोण आहात?" अंकितानं विचारलं.

"सगुणाची बायको."

"तुम्ही कोण आहात?"

"साईश-गौरवीची आई."

"तुम्ही कोण आहात?"

"इथं रांधते ती."

काय पोरखेळ आहे, असं मनात म्हणत कमलाक्षी सून झाली, जाऊ झाली, मामी झाली, इब्रामपूरची झाली. नाती संपली, तरी अंकिताचा प्रश्न संपेना. सहाव्या-सातव्या मिनिटाला कमलाक्षी चिडली. चिडली आणि चेहऱ्यावरचं हसू गळालं.

"तुम्ही कोण आहात?"

"मला माणसं आवडत नाहीत," ती म्हणाली. "मी देवमाणूस नाही. लोकांच्या घरी राबून मला कधी आनंद झाला नाही. तुम्ही इथं येता ना, मला तुम्हीही आवडत नाही. पेजेचे फोटो काढता."

अंकितानं पुढचा प्रश्न विचारायचा होता. ती विसरली आणि खळखळून हसली. "मलाही नाही आवडत हे लोक. ऑफिसनं पाठवलंय मला."

कमलाक्षीला वाटलं होतं, असं काही आपल्या तोंडून बाहेर पडलं तर आभाळ कोसळेल. पण समोरची बाई तिच्यापासून दूरही सरकली नव्हती.

निर्मलसरांच्या कानावर हे गेलं. दुसऱ्या दिवशी ते व्हिडिओ काढायला फोन घेऊन आले. मलासुद्धा इथं स्वतःचा शोध लागला, असं दोन मिनिटं बोला म्हणाले. कमलाक्षीनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मला शोध लागला नाही. मला ते आधीपासून माहीत होतं," ती म्हणाली. "बाजूला व्हा, डाळ उतरवायची आहे."

रविवारी थोरली जाऊ वत्सला घरी आली. तिच्या मुलानं, सर्वेशनं बांधलेल्या नव्या घराची पुढच्या रविवारी वास्तुशांत होती, ऐंशी पानं. येऊन बसली आणि तिनं थेट यादीच काढली.

"शनवारी रातीच ये गो. खोबरां किसूक होया."

"माका येवचा नाय, वैनी."

"केंद्रावरून सुट्टी गावाची नाय?"

"सुट्टी गावता. माका रांधूक येवचा नाय. जेवक येतलंय."

वत्सलेनं यादीची घडी घातली. सगुण ओसरीवरून उठून आत आला. "तुका काय झाला गो? बरा नाय?"

"बरा आसा," कमलाक्षी म्हणाली. तिनं शब्द मागे घेतला नाही.

तीन दिवसांत गावभर झालं. कमलाक्षीला शिष्टपणा आलाय. किनाऱ्यावरच्या लोकांत राहून डोकं फिरलंय. देवळापाशी शेजारच्या सुमंगलानं तर तोंड फिरवलं. ते सगळं कमलाक्षीला लागलं. दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. गाव आता जे बोलत होतं, त्यातलं निदान अर्धं तरी खरं होतं. देवमाणूस या शब्दात तर खरं असं काहीच नव्हतं.

वास्तुशांतीला ती चांगली साडी नेसून गेली आणि पहिल्या पंगतीला बसली. जेवण पेडण्याच्या आचाऱ्याचं होतं. सगळ्या भाज्या घालून केलेलं खतखतं पाणचट, भात चिकट. तिनं नावं ठेवत ठेवत पोटभर खाल्लं. पंगती उठल्यावर वत्सला घामाघूम होऊन मागच्या पडवीत तिच्या शेजारी येऊन बसली.

"तू माका कधीच आवडलंस नाय गो," वत्सला अचानक म्हणाली. "सदा हसतंस. खोटां खोटां."

"माका ठावक आसा. माका पण तू आवडणंस नाय."

"ता माका आज कळला." वत्सलेनं पदरानं मान पुसली. "खतखतां कसा होता?"

"वायट."

"माका पण तसाच वाटला. सांगूक कोणाक येणा नाय, सगळे बरां बरां म्हणतत." वत्सला थोडी सरकून ऐसपैस बसली. "त्या आचाऱ्याक कोणी धाडलो, सांगू?"

"सांग," कमलाक्षी म्हणाली, आणि दोघी जावांनी मिळून आधी आचाऱ्याला, मग त्याला धाडणाऱ्याला आणि मग एकेक करून सगळ्या सोयऱ्यांना नावं ठेवायला सुरुवात केली.